साखर आहे, गिऱ्हाईक आहे. मग घोडं अडतं कुठं?



गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्यावर आणि सोसायटीच्या ओट्यावर आपली बोलणी दोनच गोष्टींची. तोड कधी मिळणार आणि पहिली उचल किती मिळणार. उसाची मोळी गव्हाणीत पडली की आपलं काम संपलं, असं आपण धरून चालतो. पुढं साखर झाली, पोत्यात भरली, गोदामात थप्पी लागली. ती विकली कुणाला, कुठल्या भावानं आणि कुठल्या वेळेला, याची चौकशी वार्षिक सभेत एखादाच सभासद करतो. त्यालाही "बाजारभावाप्रमाणं विकली" एवढं उत्तर पुरतं.

पण आपल्या शेवटच्या हप्त्याचा निकाल या विक्रीतच लागतो. आणि विक्रीचा एक मोठा भाग असा आहे की तो आपल्या तालुक्यात, राज्यात, किंबहुना देशातसुद्धा ठरत नाही. तो न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारात, ब्राझीलच्या बंदरात, दुबई-इंडोनेशियाच्या रिफायनरीत आणि दिल्लीच्या एका सहीत ठरतो. म्हणून आज साखरेच्या निर्यातीचा विषय सभासदांपुढं मांडतो आहे. हा केवळ संचालक मंडळाचा किंवा सरकारचा विषय नाही. ज्याचा ऊस त्याचा विषय आहे.

आधी हिशेब

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागं ३५५ रुपये एफआरपी ठरवली. म्हणजे टनाला ३,५५० रुपये, तोडणी-वाहतूक धरून. १०.२५ टक्के उताऱ्याला एका टनातून साखर निघते १०२.५ किलो. भागाकार केला तर एका किलो साखरेमागं उसाचेच ३४ रुपये ६० पैसे होतात. त्यावर कामगारांचा पगार, चुना-गंधक, पोती, दुरुस्ती, घसारा आणि बँकेचं व्याज. मळी आणि बगॅसचे पैसे त्यातून वजा करायचे. उरेल तो साखरेचा खर्च.

आता परदेशचा भाव बघा. कच्च्या साखरेचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या बाजारात पौंडाला इतके सेंट असा निघतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो २८ सेंटांपर्यंत चढला. बारा वर्षांतला तो सगळ्यांत मोठा भाव. रुपयात किलोला सुमारे ५१. त्या वेळी आपली निर्यात बंद होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तोच भाव १५ सेंटांच्या आसपास आला. रुपयात किलोला सुमारे २९. त्या महिन्यात सरकारनं १५ लाख टन निर्यातीला परवानगी दिली.

म्हणजे भाव होता तेव्हा दार बंद, आणि दार उघडलं तेव्हा भाव गेलेला. ही गोष्ट एकदाच घडली असती तर नशिबाला बोल लावून गप्प बसता आलं असतं. पण ती पुन्हा पुन्हा घडते आहे, आणि म्हणून तिच्या मुळाशी जायला पाहिजे.

मागचा थोडा इतिहास

साखरेचा जागतिक भाव हा मुळातच बेभरवशाचा. १९७४ च्या नोव्हेंबरात तो पौंडाला ६० सेंटांच्या वर गेला होता, आणि १९८५ च्या जूनमध्ये ३ सेंटांच्याही खाली उतरला. अकरा वर्षांत वीसपटीची घसरण! याचं कारण असं की जगात पिकणारी बहुतेक साखर ज्या-त्या देशातच खपते. उरलेली थोडी बाजारात येते, आणि त्या थोड्याच साखरेवर सगळ्यांची ओढाताण चालते. एखाद्या मोठ्या देशात दुष्काळ पडला की भाव आभाळाला भिडतो आणि दोन पिकं चांगली आली की पाताळात जातो.

आपल्याकडंही निर्यात नवी नाही. १९५८ साली साखर निर्यातीसाठी खास कायदा झाला. प्रत्येक कारखान्यानं ठरलेला वाटा निर्यातीला द्यायचा, न देणाऱ्यावर जादा अबकारी बसायची, अशी त्यात तरतूद होती. त्यामागचा विचार समजून घेण्याजोगा आहे आणि त्याकडं पुढं परत येऊ. पुढं लेव्ही आणि खुल्या साखरेचा जमाना आला. दर महिन्याला किती साखर विकायची तेही दिल्लीहून यायचं. रंगराजन समितीचा अहवाल २०१२ मध्ये आला आणि २०१३ मध्ये लेव्ही गेली. आपल्याला वाटलं, आता मोकळं रान. पण २०१८ मध्ये महिन्याच्या कोट्याची पद्धत पुन्हा आली.

त्याच सुमारास देशात साखर फार झाली. गोदामं भरली, एफआरपी थकली. तेव्हा सरकारनं निर्यात करणाऱ्या कारखान्यांना मदत दिली. २०१९-२० मध्ये ६० लाख टनांसाठी टनाला १०,४४८ रुपये आणि २०२०-२१ मध्ये सुरुवातीला ६,००० रुपये. या मदतीवर ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेत २०१९ मध्येच दावा लावला होता. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्याविरुद्ध गेला. भारतानं अपील केलं, पण अपील ऐकणारं मंडळच बंद पडलेलं. ते असो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: सरकारी अनुदानाच्या कुबड्यांवर निर्यात चालवायचे दिवस सरले. युरोपचंही असंच झालं. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडनी लावलेला दावा युरोप २००५ मध्ये हरला आणि २०१७ पर्यंत तिथली साखरेची कोटा पद्धतच मोडीत निघाली.

आणि गंमत बघा. अनुदान गेलं त्याच २०२१-२२ च्या हंगामात आपली निर्यात सगळ्यांत जास्त झाली, सुमारे ११० लाख टन. महाराष्ट्रानं त्या वर्षी १३७ लाख टन साखर केली आणि उत्तर प्रदेशाला मागं टाकलं. एक रुपया अनुदान नसताना भारत ब्राझीलच्या खालोखाल जगातला निर्यातदार झाला. म्हणजे अंगात ताकद आहे. मग जून २०२२ पासून निर्यातीवर बंधन आलं. २०२२-२३ मध्ये सुमारे ६० लाख टन, २०२३-२४ मध्ये शून्य, जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची परवानगी. ११० वरून शून्यावर यायला दोन वर्षं लागली. गेलेलं गिऱ्हाईक परत यायला किती लागतील?

निर्यात कशावर ठरते

पहिली गोष्ट अंतर आणि हंगाम. बाजाराला जवळचा गाव फायद्यात असतो, हे भाजीवाल्याला सांगावं लागत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून दुबईच्या जेबेल अलीला जहाज चार-पाच दिवसांत पोचतं. ब्राझीलच्या सांतोस बंदरातून तिथं यायला तीन-चार आठवडे लागतात. बांगलादेश आणि श्रीलंका तर शेजारचीच घरं. पूर्व आफ्रिका आणि इंडोनेशियासुद्धा आपल्याला ब्राझीलपेक्षा जवळ. शिवाय ब्राझीलच्या मुख्य भागातलं गाळप एप्रिल ते नोव्हेंबर चालतं आणि आपलं त्यानंतर सुरू होतं. म्हणजे ब्राझीलची गव्हाण थंड असते तेव्हा आपली ताजी साखर बाजारात असते. देवानं दिलेले हे दोन फायदे कुठलाही देश आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही. ते आपणच वाया घालवू शकतो.

दुसरी गोष्ट मालाचा दर्जा. आपले बहुतेक कारखाने गंधकाच्या धुरीनं पांढरी साखर करतात. ती आपल्या घराघरांत चालते. पण जगाचा बाजार दोनच प्रकार ओळखतो. एक कच्ची साखर, जी परदेशी रिफायनऱ्या घेऊन शुद्ध करतात, आणि दुसरी शुद्ध केलेली पांढरी साखर, जिचा रंग इकुम्सा मोजमापानं ४५ च्या आत लागतो. आपली साखर १०० ते १५० च्या घरात. म्हणजे ती ना इकडची ना तिकडची. अफगाणिस्तान, सोमालिया, श्रीलंका असल्या देशांत ती जाते, पण शीतपेयं, औषधं आणि बिस्किटांचे मोठे कारखाने ती घेताना नाक मुरडतात. कच्च्या साखरेत मात्र आपला हात वर आहे. आपला ऊस तोडल्यावर लवकर गाळला गेला तर त्यात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ फार कमी असतो, आणि रिफायनरीवाल्याला तेच हवं असतं.

तिसरी गोष्ट परदेशातलं दार. गिऱ्हाईक श्रीमंत असून उपयोग नाही, त्यानं दार उघडलं पाहिजे. अमेरिका आपल्याला कमी जकातीत वर्षाला अवघी साडेआठ हजार टनांच्या आतबाहेर साखर घेऊ देते. युरोपचा सवलतीचा कोटा तर सहा हजार टनांच्याही आतला. आपल्या एका मध्यम कारखान्याच्या महिन्याभराच्या गाळपात दोन्ही भागतील! चीन १९ लाख ४५ हजार टन १५ टक्के जकातीवर घेतो आणि त्यावरच्या साखरेला ५० टक्के लावतो. याउलट इंडोनेशियाचं उदाहरण बघा. तो जगातल्या सगळ्यांत मोठ्या आयातदारांपैकी एक. पण कच्च्या साखरेचा रंग १,२०० इकुम्साच्या खाली नको, अशी त्याची अट होती. आपली साखर त्याहून उजळ, म्हणून ती नाकारली जायची! शेजारच्या थाई साखरेला मात्र आसियान करारामुळं कमी जकात. २०२० च्या सुमारास दोन्ही सरकारांची बोलणी होऊन ती अट ६०० वर आली, जकातही उतरली, आणि थोड्याच काळात इंडोनेशिया आपलं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक झालं. उसाची जात बदलली नाही की कारखाना बदलला नाही. एक कागद बदलला आणि बाजार उघडला. असे किती कागद अजून बदलायचे राहिलेत, याचा शोध कुणी घेतो का?

चौथी गोष्ट खर्च. ब्राझीलचा कारखाना एकाच उसातून साखर करायची की इथेनॉल, हे भावाकडं बघून दर हंगामात ठरवतो. १९७५ पासून त्यांनी ही घडी बसवली. साव पावलो राज्यात उसाचा भाव साखर आणि इथेनॉलच्या विक्रीशी सूत्रानं बांधलेला आहे. थायलंडमध्ये १९८४ च्या कायद्यानं उत्पन्नाचे ७० टक्के ऊसवाल्याला आणि ३० टक्के कारखान्याला असा वाटा ठरला. आपल्याकडंही महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं महसुली वाटणीची पद्धत आली. एफआरपी ही आपली ढाल आहे आणि ती कुणी खाली ठेवू म्हटलं तर आपण ऐकू नये. पण एक विसंगती मात्र स्पष्ट बोलली पाहिजे. साखरेचा किमान विक्री भाव फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये केला. त्या हंगामात एफआरपी होती २७५, १० टक्के उताऱ्याला. २०२५-२६ साठी ३५५ जाहीर होईपर्यंत ३१ रुपये जागचे हलले नव्हते. बैलाला वैरण वाढवायची नाही आणि गाडीतलं ओझं मात्र दरवर्षी वाढवायचं, अशातली गत.

पाचवी आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे भरवसा. जानेवारी २०२५ ची १० लाख टनांची परवानगी कशी वाटली गेली ते पाहा. प्रत्येक कारखान्याला मागच्या तीन हंगामांच्या सरासरी उत्पादनाच्या ३.१७४ टक्के. सरासरी लाख टन साखर करणाऱ्या कारखान्याच्या वाट्याला आले ३,१७४ टन. एका जहाजात पंचवीस-तीस हजार टन सहज मावतात. तेवढ्याशा मालासाठी परदेशात कोण गिऱ्हाईक जोडेल? कोण यंत्रं बसवेल? बंदरापासून हजार मैलांवरच्या उत्तरेतल्या कारखान्यांनाही तेवढाच कोटा. मग ते तो आपल्याकडच्या कारखान्यांना देऊन बदल्यात देशातला विक्रीकोटा घेणार. या अदलाबदलीत दिवस जातात आणि ब्राझीलचं गाळप जवळ येतं. ती १० लाख टनांची परवानगीसुद्धा पुरती वापरली गेली नाही, ती यामुळंच.

आणि इथंच दर्जाचा प्रश्न भरवशाला येऊन चिकटतो. कच्ची साखर केली आणि निर्यात बंद झाली तर ती घरगुती बाजारात विकता येत नाही. पुन्हा वितळवून पांढरी करावी लागते. मग कोणता कार्यकारी संचालक कच्च्या साखरेचा धोका पत्करील? तो मुकाट्यानं गंधकाची साखर करतो आणि गोदामात थप्पी लावतो. आपण म्हणतो, कारखाना सुधारत नाही. अहो, दार उद्या उघडं असेल की बंद हेच ठाऊक नसेल तर दाराबाहेरच्या बाजारासाठी माल कोण तयार करणार?

दुसरी बाजू

सरकारची बाजू खोटी आहे असं मात्र म्हणता येणार नाही. भारत हा जगात सगळ्यांत जास्त साखर खाणारा देश आहे. वर्षाला सुमारे २८० लाख टन लागते. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस वाळतोय की काय अशी परिस्थिती होती. सणासुदीत साखर महागली तर शहरातलाच नव्हे, आपल्या गावातला बिगरऊसवाला मजूरही ओरडणार. निर्यात थांबवण्याला कारण होतं. पण २०२३-२४ मध्ये साखर झाली सुमारे ३२० लाख टन, भीतीपेक्षा कितीतरी जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावरही बंधन आलं होतं. म्हणजे इथेनॉल कमी, निर्यात शून्य आणि साखर गोदामात. पुढच्या २०२४-२५ मध्ये उत्पादन २६१ लाख टनांपर्यंत घसरलं आणि जुना साठा कामाला आला, हेही खरं. सावधगिरी चुकीची नव्हती. पण एखादं वर्ष वाईट जाईल म्हणून दुकानच बंद करणं आणि थोडा माल कमी देऊन दुकान चालू ठेवणं, यात फरक आहे. वीस-पंचवीस लाख टन जरी त्या तेजीत गेली असती तरी गिऱ्हाईक टिकलं असतं आणि थकबाकीही भागली असती. कांद्याचंही आपण हेच पाहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, आणि ते पूर्ण गेलं एप्रिल २०२५ मध्ये. तोवर दुसऱ्या देशांचा कांदा आपल्या जागी जाऊन बसला.

दुसरा आक्षेप पाण्याचा, आणि तो आपल्यालाच खरा लागू आहे. एक किलो साखरेमागं दोन हजार लिटरच्या आसपास पाणी जातं. साखर परदेशी धाडणं म्हणजे एका परीनं पाणी धाडणं. शेजारच्या गावाला जानेवारीपासून टँकर लागत असताना आपण पाटपाण्यावर ऊस लावून "निर्यात वाढवा" म्हणालो तर लोक ऐकून घेणार नाहीत, आणि त्यांनी का ऐकावं? म्हणून निर्यातीची मागणी ही उसाचं क्षेत्र वाढवण्याची मागणी होता कामा नये. आहे त्या उसाला ठिबक, आहे त्या उसाचा उतारा, आणि आहे त्या साखरेला जास्त भाव. मागणी एवढीच असावी.

तोटा कुणी सोसायचा?

आता एक नाजूक गोष्ट. समजा देशातला भाव ३,६०० आणि निर्यातीत पदरात पडतात ३,३००. क्विंटलमागं तीनशेची खोट. कोणता कारखाना ती खाईल? प्रत्येक जण म्हणणार, शेजाऱ्यानं निर्यात करावी, बाजारातला जादा माल निघून जावा, आणि भाव सुधारला की मी माझी साखर इथंच विकावी. सगळ्यांनीच असं म्हटलं की कुणीच निर्यात करत नाही, माल साचतो आणि भाव सगळ्यांचाच पडतो.

हिशेब करा. दहा लाख क्विंटल साखर असलेल्या कारखान्याचा भाव क्विंटलला शंभरानं उतरला तर नुकसान दहा कोटींचं. त्याच कारखान्यानं लाख क्विंटल तीनशेच्या खोटीनं बाहेर धाडली तर नुकसान तीन कोटींचं. शिवाय गोदामातल्या साखरेवर मालतारण कर्ज असतं. क्विंटलला ३,००० रुपये कर्ज आणि १० टक्के व्याज धरलं तर वर्षाला तीनशे रुपये तिथंच गेले. म्हणजे वर्षभर सांभाळलेल्या साखरेत जी खोट आपल्याला दिसत नाही, तीच निर्यातीत दिसते म्हणून आपण घाबरतो.

१९५८ च्या कायद्यानं हेच ओळखलं होतं. खोट असेल तर ती सगळ्यांनी वाटून घ्यावी. सहकाराचा अर्थ तरी दुसरा काय? धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा केला, तो एकट्यादुकट्या शेतकऱ्याला गुळाच्या बाजारात जे जमत नव्हतं ते दहाजणांनी मिळून करावं म्हणूनच. आज कारखाना एकटा पडलाय. जे शेतकऱ्यांनी केलं ते आता कारखान्यांनी करायला पाहिजे.

द्राक्षवाल्यांनी ते करून दाखवलं आहे. १९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन महाग्रेप्स उभी राहिली. युरोपनं फवारणीच्या अंशाचे नियम लावले. २०१० मध्ये एका संजीवकाच्या अंशावरून मोठा फटकाही बसला. पण बागेची नोंद, तपासणी आणि शिस्त त्यांनी अंगी लावून घेतली, आणि बाजार टिकवला.

मग करायचं काय?

सरकारकडं आपली मागणी अनुदानाची नको, वेळापत्रकाची हवी. किमान तीन वर्षांसाठी सांगा की देशाची गरज आणि दोन-अडीच महिन्यांचा साठा बाजूला ठेवून उरणारी साखर बाहेर जाईल, आणि त्यातला अमुक एक किमान भाग दुष्काळातही थांबवला जाणार नाही. आकडा सप्टेंबरमध्ये जाहीर करा, जानेवारीत नव्हे. कोटा बंदराजवळच्या कारखान्यांना द्या आणि लांबच्यांना देशातला बाजार द्या. आणि व्यापारी करार करताना साखरेचा रंग, जकात, कोटा या बारीक गोष्टींसाठी भांडा. इंडोनेशियाच्या एका अटीनं काय केलं ते समोर आहे.

कारखान्याकडं आपली मागणी अशी: जिल्ह्यातल्या दोन-चार कारखान्यांनी मिळून निर्यातीचा माल एकत्र करावा, एकत्र विकावा आणि नफा-तोटा टनामागं वाटून घ्यावा. प्रत्येकानं शुद्धीकरणाचं यंत्र बसवायची गरज नाही. चौघांत एक पुरे. आसवनी आहेच, तेव्हा साखर, कच्ची साखर आणि इथेनॉल या तिन्हींचा हिशेब दरमहा संचालक मंडळापुढं यावा आणि त्याचा गोषवारा या पत्रिकेत छापून यावा. किती साखर कोणत्या भावानं कुठं गेली, हे सभासदाला वर्षाच्या शेवटी अहवालाच्या बारीक टायपात शोधायला लागू नये.

आणि सभासदांकडं? आपणही हात झटकून मोकळं व्हायचं नाही. जळका ऊस, पाचट-वाढ्यांसकट भरलेली ट्रॉली, तोडून तीन-तीन दिवस फडात पडलेली मोळी, यातूनच डेक्स्ट्रान वाढतो आणि उतारा उतरतो. दुबईच्या रिफायनरीत आपल्या साखरेची जी तपासणी होते तिची सुरुवात आपल्या फडात झालेली असते. काट्यावर वजन भरलं म्हणजे झालं, ही समजूत आता परवडणारी नाही.

येत्या वार्षिक सभेत लाभांश आणि शेवटच्या हप्त्यावर चर्चा होईलच, आणि व्हावी. पण त्या सभेत एका सभासदानं तरी उठून विचारावं की शेजारच्या कारखान्यांबरोबर मिळून निर्यात करायचा विचार मंडळानं केला आहे का, केला असेल तर हिशेब ठेवा, नसेल केला तर का नाही ते सांगा. हे विचारायला पुढारी असावं लागत नाही. एक भाग नावावर असला की पुरतो.

साखर आपली आहे. गिऱ्हाईक समुद्रापलीकडं आहे आणि ते लांबचंही नाही. घोडं अडलंय ते तीन ठिकाणी: दिल्लीच्या दारात, कारखान्याच्या सवयीत आणि आपल्या फडात. दिल्लीचं दार एकट्यानं ढकलून उघडणार नाही, त्याला सगळ्यांचा खांदा लागेल. उरलेली दोन ठिकाणं मात्र आपल्या ताब्यातली आहेत. तिथं सुरुवात करायला कुणाची परवानगी लागत नाही.